तोरणमाळला दोन रात्री: मित्रांसोबत जायचं तर असं जा

खान्देशातल्या माणसाला थंड हवा खायची झाली की तो सापुताऱ्याला जातो, नाहीतर थेट महाबळेश्वरची गाडी काढतो. आपल्याच सातपुड्यात, शहाद्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर तोरणमाळ आहे हे त्याला माहीत असतं. शाळेची सहल गेलेली असते, महाशिवरात्रीला घरातलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं. पण मित्रांसोबत जाऊन दोन दिवस राहावं, असं काही मनात येत नाही. गेलाच तर सकाळी निघतो, संध्याकाळी परततो आणि कट्ट्यावर सांगतो, "काही नही शे भो तठे, एक तलाव शे बस."

त्याचं चुकत नाही. तोरणमाळला 'बघायची ठिकाणं' म्हणून जी सांगतात ती चार-पाच तासांत उरकतात. घोडे नाहीत, माल रोड नाही, स्ट्रॉबेरी-क्रीम नाही. जे आहे ते पहाटे आणि रात्री आहे, आणि त्या वेळी दिवसभराचे पाहुणे घाटाखाली असतात. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं: दोन रात्री काढायच्या असतील तर जा. एकाच दिवसासाठी घाट चढायचा असेल, तर त्यापेक्षा उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन या. शहाद्याजवळच आहे.

आम्ही कॉलेजातले सहा मित्र. आता कुणी धुळ्यात, कुणी जळगावात, एक सुरतेला, दोघे पुण्यात. चार वेळा गेलोय, त्यातल्या दोन वेळा चुकीच्या पद्धतीने. खालचं सगळं त्या चुकांतून आलेलं आहे.

जागेची ओळख थोडक्यात. तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात येतं. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ११५० मीटर. राज्यात महाबळेश्वरनंतर उंचीत याचाच नंबर लागतो असं इकडे सगळे छाती फुगवून सांगतात. सातपुड्याची ही रांग तापी आणि नर्मदा यांच्या मधोमध उभी आहे. दक्षिणेला उतरलात की तापीचं खोरं, म्हणजे आपला केळी-पपई-ऊसवाला खान्देश. उत्तरेला दऱ्या उतरत थेट नर्मदेकडे जातात. वरचं पठार बशीसारखं आहे, मध्ये तलाव आणि भोवती पाडे. वस्ती मुख्यतः पावरा आणि भिल्ल आदिवासींची. हे पर्यटकांसाठी वसवलेलं गाव नाही, लोक पिढ्यान् पिढ्या राहतात ते गाव आहे. हे डोक्यात ठेवलं की पुढची अर्धी पथ्यं आपोआप पाळली जातात.

आधी महिना ठरवा

सहा जणांची सुट्टी जुळवण्यात आपण इतके गुंततो की महिन्याचा विचारच होत नाही. तिथे तर महिन्यागणिक गाव बदलतं.

ऑगस्ट-सप्टेंबरात धुकं खिडकीतून आत येतं, सीताखाईत पाणी कोसळत असतं, सगळं हिरवंगार. फोटोसाठी हाच काळ. पण घाटात दरड येते आणि जोराच्या पावसात रस्ता अडकतो. सोमवारी सकाळी हजर राहायलाच हवं अशी नोकरी असणाऱ्याने हा जुगार खेळू नये.

डिसेंबर-जानेवारीत थंडी खरीखुरी असते. काही वर्षी इथे आणि जवळच्या डाब भागात पहाटे गवतावरचं दव गोठतं आणि पांढऱ्या गवताचे फोटो पेपरात येतात. शहाद्यात स्वेटर काढून ठेवलेला माणूस वर दात वाजवत बसतो.

एप्रिल-मेमध्ये खाली पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला असतो, म्हणून लोक पळत वर जातात. दुपारी वरही ऊन चटकतं. रात्री मात्र पांघरूण लागतं आणि तेवढ्यासाठी जाणं वसूल होतं. या दिवसांत धडगावकडच्या पाड्यांवर आमचूरची लगबग असते. कैऱ्या सोलून, काप करून, दगडांवर आणि छपरांवर वाळत घातलेल्या. वास लांबवर येतो.

माझी पसंती ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. पाऊस गेलेला, रस्ता मोकळा, गवत हिरव्याचं सोनेरी होत आलेलं, आणि सीताफळं. तोरणमाळच्या उतारांवर सीताफळाची झाडं इतकी आहेत की या दिवसांत घाटाच्या वळणावळणावर टोपल्या दिसतात. फक्त दिवाळीच्या सुट्टीचे चार दिवस टाळा.

महाशिवरात्रीला तीन राज्यांतून भाविक गोरखनाथांच्या दर्शनाला येतात. यात्रा अनुभवायची असेल तर अवश्य जा, पण मग ती यात्रा समजूनच जा. निवांतपणा शोधत गेलात तर गाडी लावायला जागा मिळणार नाही.

होळीच्या आधीचा आठवडा हे वेगळंच प्रकरण. सातपुड्यात होळी दिवाळीपेक्षा मोठी. त्या आठवड्यातल्या बाजाराला भोंगऱ्या म्हणतात. ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने, खरेदीला उतरलेले पाडेच्या पाडे. पाहुणा म्हणून कडेला उभं राहायची तयारी असेल तर हे आयुष्यात एकदा बघावं.

माणसं मोजा

पाच किंवा सहा. त्याहून जास्त झाले की दोन गाड्या, दोन गाड्या झाल्या की घाटात एकमेकांची वाट बघणं, आणि वर फोनला रेंज नसली की अर्धा दिवस शोधाशोधीत. आम्ही एकदा नऊ जण गेलो होतो. सगळे एकत्र बसून जेवलो असं एकदाही झालं नाही.

सहा जणांत तीन कामं आधीच वाटून टाका. एक चालवणारा, ज्याला घाटाची सवय आहे. एक फोन करणारा, म्हणजे राहण्या-जेवण्याचं बघणारा. आणि एक खजिनदार. निघायच्या आधी प्रत्येकाकडून सारखी रक्कम खजिनदाराकडे रोख जमा, आणि मग चहापासून डिझेलपर्यंत सगळं त्याच्या पाकिटातून. "मी दिले, तू नंतर दे" हा प्रकार दोन दिवसांत मैत्रीला खरूज लावतो. रोखच का, तर वर रेंजचा भरवसा नाही. चहावाल्यासमोर मोबाइल उंच धरून उभं राहिलेले पाहुणे मी बरेच पाहिलेत. सुटे पैसे शहाद्यातच करून घ्या, दहा-वीस-पन्नासच्या नोटा.

डिझेलचा हिशेब सोपा आहे. धुळ्याहून दोंडाईचा-सारंगखेडामार्गे शहादा पंचाण्णवच्या आसपास, पुढे घाटासकट पंचावन्न. म्हणजे जाऊन-येऊन तीनशे आणि वरची भटकंती धरून तीनशे तीस किलोमीटर. गाडी घाटासकट सरासरी पंधराचं देत असेल तर बावीस लिटर. सहाने भागलं की माणशी चार लिटरही येत नाही. सगळ्यांत मोठा खर्च राहण्याचाच.

राहायची जागा: दोनदा फोन करा

पर्याय मोजके आहेत. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान, वनखात्याचं विश्रामगृह आणि काही खाजगी जागा. शनिवार-रविवारला पंधरा-वीस दिवस आधी ठरवलेलं बरं. ठरवताना "रूम आहे का?" एवढंच विचारून फोन ठेवू नका. पांघरुणं माणशी किती, आंघोळीला गरम पाणी किती वाजता, वीज गेली तर काय, जेवण तिथे होतं की बाहेर, आणि पोहोचायची शेवटची वेळ काय, हे पाच प्रश्न विचाराच.

मग निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन. हा दुसरा फोन आम्ही एकदा केला नव्हता. अंधार पडल्यावर पोहोचलो तर वहीत आमचं नाव नाही, पैसे घेतलेला माणूस गावाला गेलेला आणि रेंज शून्य. सहा जण एका खोलीत, दोन खाटांवर, तीन पांघरुणांत. जानेवारी होता. सुरतेच्या मित्राने पायांना वर्तमानपत्र गुंडाळलं होतं आणि त्याने ऊब मिळते हे त्या रात्री सगळ्यांनी मान्य केलं. पावती, मग ती व्हॉट्सअ‍ॅपवरची का असेना, फोनमध्ये उतरवून ठेवा. वर गेल्यावर ती डाउनलोड होणार नाही.

शहाद्यात थांबा, एक तास

जळगावची मंडळी चोपडा-शिरपूरमार्गे शहाद्याला येते, साधारण दीडशे किलोमीटर. मुंबई-सुरतेकडून येणाऱ्याला रेल्वेने नंदुरबारला उतरता येतं, तिथून प्रकाशामार्गे शहादा चाळीसेक किलोमीटर. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात. माळरानावर लाल मिरची वाळत घातलेली, नजर जाईल तिथवर लाल. उतरून बघा जरूर, पण वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहा. आमच्यातल्या एकाने मधोमध जाऊन सेल्फी काढला आणि प्रकाशापर्यंत शिंकत आला.

तीन वाटांनी येणारे शहाद्याला एकत्र या. शुक्रवारी अर्धी रजा टाकून दुपारी दोनच्या आत. इथे तीन गोष्टी करायच्या.

पहिली, पोट. शेवभाजी खा. झणझणीत लाल तर्रीत जाड शेव, शेवटच्या क्षणी टाकलेली, म्हणजे ताटात येईपर्यंत ती कडक ना मऊ अशी असते. पुण्याच्या मित्रांना सांगून ठेवा की पहिला घास भाकरी जास्त, रस्सा कमी असा घ्यायचा. घाट चढायचा असल्याने तुडुंब जेवू नका. मागच्या सीटवरच्यांसाठी हे विशेष.

दुसरी, टाकी फुल्ल आणि टायरमधली हवा. पेट्रोल-डिझेलचं काम शहाद्यातच संपवा, "पुढे बघू" नको.

तिसरी, बाजार. वर दुकानं आहेत, पण सहा जणांची हौस भागेल एवढं सामान मिळेलच असं नाही. आमची यादी ठरलेली असते: शेंगदाणे, लसूण, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, कोथिंबीर, तिखट शेव, लिंबं, गूळ, चहापत्ती, दोन पपया (शहाद्याचा भाग पपईचा, इथे ती ताजी आणि स्वस्त), पाण्याचा वीस लिटरचा जार. जळगावहून येणाऱ्याने भरताची वांगी आणायची, बामणोदची मिळाली तर उत्तम. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, घरून. याशिवाय टॉर्च, चटई, डोकेदुखी-उलटी-जुलाबाच्या गोळ्या, बँडेज आणि प्रत्येकाला एक जाड चादर, जागा कितीही चांगली असली तरी. उघड्यावर बसायचं तर चादरच लागते.

घाट

शहाद्याहून म्हसावद, तिथून राणीपूर. राणीपूरपर्यंत दोन्ही बाजूंना शेती, आणि गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या. यांना मागे लाल दिवा असतोच असं नाही, म्हणून अंधारात हा टप्पा टाळायचा. राणीपूरनंतर जमीन उचलायला लागते, साग दिसू लागतात आणि पुढे तो वळणावळणांचा घाट येतो. त्याला सातपायरी म्हणतात. एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखी वळणं, वरून खाली पाहिलं की रस्त्याची रिबीन घडी घालून ठेवलेली दिसते.

चढताना हॉर्न प्रत्येक वळणावर. वरून येणाऱ्या जीपा भरलेल्या असतात, टपावरही माणसं असतात आणि चालवणाऱ्याला रस्ता पाठ असतो. पाठ असलेल्या माणसाच्या वेगाशी स्पर्धा करू नये. चढणाऱ्या गाडीला वाट देणं हा घाटाचा रिवाज खरा, पण इथे रिवाजावर विसंबू नका, जागा दिसली की आपण थांबा. एसी बंद करा. गाडी तापली तर बॉनेट लगेच उघडू नका, सावलीत पंधरा मिनिटं उभी करा, तेवढ्यात पपई कापा. फोटोसाठी थांबायचंच तर वळणावर नाही, सरळ पट्ट्यावर, कडेला आणि मागून येणाऱ्याला लांबून दिसेल असं.

एसटीने जायचं तर शहादा आगारातून गाड्या आहेत. मोजक्या आहेत, म्हणून वेळा स्थानकात जाऊनच विचारा आणि परतीची शेवटची गाडीही तेव्हाच विचारून घ्या. जीपा मिळतात. त्या भरल्याशिवाय हलत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

पाचच्या आत वर.

शुक्रवारची संध्याकाळ: काहीही बघू नका

सामान टाका, चहा घ्या आणि यशवंत तलावाच्या काठाने चाला. एवढंच. मित्र बऱ्याच दिवसांनी भेटलेले असतात, प्रत्येकाच्या डोक्यात ऑफिस असतं, पहिले दोन तास सगळे एकमेकांना पगार आणि पोरांच्या शाळा सांगत असतात. ते होऊन जाऊ द्या. तलावाच्या कडेने चालताना ते आपोआप संपतं. संध्याकाळी गुरं पाण्यावरून घरी जातात, गळ्यातल्या घंटा वाजतात, पाड्यावर चुली पेटतात आणि धूर वर न जाता पाण्यावर पसरतो. थंडीत हे अगदी स्पष्ट दिसतं: पाण्यापासून हातभर उंचीवर निळसर थर, आणि त्याच्यातून पलीकडच्या काठावरची झाडं कंबरेपासून वर दिसतात.

रात्रीचं जेवण पोहोचल्या पोहोचल्या सांगून ठेवा. ऐनवेळी सहा जणांचं जेवण कुणाकडेच तयार नसतं, आणि कोंबडी सांगितली तर दोन तास धरूनच चला. मक्याची नाहीतर ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, ठेचा हे मिळालं तर दुसरं काही मागू नका.

शनिवार

पहाटे साडेपाचला उठा. कुरकुर होईल. जो उठणार नाही त्याला झोपू द्या, हट्ट धरू नका. दिवसभरच्या पाहुण्यांच्या गाड्या दहाच्या सुमारास यायला लागतात, त्याआधीचे चार तास तुमचे.

सीताखाईला आधी जा. खोल, सरळ तुटलेली दरी. सीतेच्या नावाची कथा इथे प्रत्येक जण थोडी वेगळी सांगतो. ती स्थानिक माणसाकडून ऐका, मी सांगत नाही. आवाज दिला की परत येतो. सहा जणांनी एकदम ओरडू नये, एकेकाने द्यावा, नाहीतर नुसता कल्लोळ परत येतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस इथे धबधबा असतो. कड्याच्या टोकाशी गवत ओलं असतं आणि खालचा मुरूम सुटा, तेव्हा दोन पावलं मागेच. बसून बघितलं तरी तेवढंच दिसतं.

मग मच्छिंद्रनाथांची गुफा आणि गोरखनाथांचं मंदिर. ही नाथपंथाची जागा आहे. गुरू-शिष्य दोघांची नावं एकाच पठारावर असणं याला इकडच्या माणसाच्या लेखी मोठा अर्थ आहे. चपला काढा, आवाज खाली, रील करायचं असेल तर बाहेर.

कमळ तलाव वाटेत होतो. फुलं असतील तर दहा मिनिटं थांबा, नसतील तर दोन.

खडकी पॉइंट जरा लांब आहे, चालायची हौस असेल तर जा. पण वाटाड्या घेऊन जा आणि त्याला त्याची मजुरी निघण्याआधी ठरवून द्या. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. शहरातून आलेला माणूस हॉटेलात न विचारता बिल भरतो आणि डोंगरातल्या पोराशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो. आमच्यातही एक असा होता. त्या वाटाड्याने चालता चालता आम्हाला तोरणाची झुडपं दाखवली, ज्यांच्यावरून गावाचं नाव पडलं असं म्हणतात. मोहाची झाडं घरागणिक वाटून घेतलेली असतात, कुणाचं झाड कुणी वेचत नाही, हेही त्याने सांगितलं. नंतर घासाघीस करणाऱ्याने ठरल्यापेक्षा जास्त दिले, पण ते न सांगता द्यायचे असतात, त्याने सांगून दिले.

फोटोबद्दल. बायाबापड्या, पोरं, घरं यांचे फोटो विचारल्याशिवाय नाही. पावरी तुम्हाला येत नाही, पण कॅमेरा दाखवून मान हलवली की प्रश्न कळतो, आणि उत्तरही कळतं. अहिराणी किंवा मराठी बऱ्याच जणांना समजते. पोरांना चॉकलेटं वाटत फिरू नका. दुसऱ्या वर्षी तीच पोरं गाडीमागे धावतात आणि मग आपणच नाकं मुरडतो.

दुपारी झोपा. खरंच झोपा. एकेका तासाचा कार्यक्रम आखणारा मित्र प्रत्येक टोळक्यात असतो, त्याच्याकडून दुपारी बारा ते चार काढून घ्या.

संध्याकाळी सनसेट पॉइंट. या वेळी तिथे गर्दी भेटेल, पण सूर्य बुडाल्याबरोबर ती पळते, कारण त्यांना घाट उतरायचा असतो. तुम्हाला नसतो. अर्धा तास तिथेच बसून राहा. डोंगरांच्या रांगा एकामागे एक काळ्या होत जातात आणि खालच्या मैदानात दिवे लागतात.

भरीत

शनिवारची रात्र भरताची. जंगलात, तलावाकाठी किंवा गवतात आग अजिबात पेटवायची नाही. हिवाळ्यानंतर वाळलेलं गवत एका ठिणगीत धरतं. राहत्या जागेच्या सांभाळणाऱ्याला विचारा, त्याची चूल आणि अंगण मिळतं. सरपणाचे पैसे वेगळे द्या.

सहा जणांना दीड-दोन किलो हिरवी-पांढरी मोठी वांगी. सुरीने टोचे मारून घ्या, नाहीतर फुटतात आणि डोळ्यात उडतं. तुराट्यांचा किंवा बारीक काटक्यांचा जाळ करा, निखाऱ्यापेक्षा जाळच बरा. वांगं फिरवत राहायचं, साल काळी होऊन देठाजवळ बोट आत गेलं की झालं. हे काम एकालाच द्या, दोघांनी केलं की एक कच्चं आणि एक कोळसा. गरम असतानाच साल काढा. हाताला पाणी लावत काढा, वांग्याला नाही. पाण्याने धुतलेल्या वांग्याला धुराची चव राहत नाही.

हिरव्या मिरच्या आणि लसूण त्याच आगीवर भाजून शेंगदाण्यांसोबत जाडसर ठेचा. कढईत तेल सढळ हाताने, त्यात अख्खे शेंगदाणे, मग ठेचा, चिरलेली पात, मग वांगं. मीठ, कोथिंबीर, दोन मिनिटं परतून खाली. हळद, गरम मसाला, टोमॅटो यांतलं काहीही घालू देऊ नका. पुण्याचे मित्र सुचवतील. सोबत कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा. भाकरी थापता येणारा एक तरी मित्र लागतो. नसेल तर सांभाळणाऱ्याच्या घरच्यांना आधी सांगून ठेवा, पीठ द्या, आणि भरताचा पहिला वाटा त्यांच्या घरी.

दारूबद्दल मतं वेगळी असतील. माझं असं की हे नाथांचं ठाणं आहे, जंगल आहे आणि परतीला घाट आहे. तलावाच्या काठावर फुटलेल्या बाटल्यांची काच मी स्वतःच्या हाताने वेचली आहे, गुरांच्या खुरात जाते म्हणून. ज्यांच्या असतील त्यांना माझा नमस्कार.

रात्री दिवे मालवून चादरी घेऊन बाहेर बसा. अमावास्येच्या आसपासची तारीख धरली असेल तर आकाश इतकं भरलेलं असतं की बोलणं आपोआप कमी होतं.

रविवार, आणि उतरणं

सकाळी नाश्ता करून नऊ-दहाला निघा. उतरताना गाडी गिअरवर ठेवा, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे शहाणे असतात. आमच्या पहिल्या फेरीत गाडी ब्रेकवर उतरवली आणि चौथ्या-पाचव्या वळणाला जळक्या रबरासारखा वास यायला लागला. थांबलो, अर्धा तास चाकं थंड होऊ दिली, तोवर एकही जण काही बोलला नाही. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. कचऱ्याची पिशवी सोबत खाली आणा, शहाद्यात टाका.

परतीच्या वाटेवर एकच ठिकाण धरा. नंदुरबारकडे जाणाऱ्यांनी प्रकाशा. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, घाटावर बसायला जागा. दक्षिण काशी म्हणतात. इथल्या टेकाडावर १९५५ मध्ये उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचे अवशेष निघाले, म्हणजे या संगमावर माणूस तीन हजार वर्षांहून जास्त काळ बसलेला आहे. धुळ्याकडे जाणाऱ्यांना सारंगखेडा लागतं. दत्तजयंतीच्या सुमारास असाल तर घोड्यांचा बाजार भरलेला असतो. तेव्हा दोन तास जादा धरा, कारण घोडा घ्यायचा नसला तरी भाव विचारल्याशिवाय आपला माणूस हलत नाही.

ज्यांच्याकडे सोमवारही आहे त्यांनी उतरायच्या ऐवजी वरूनच धडगावकडे जावं. त्या बाजूला अस्तंब्याचं शिखर आहे, १३२५ मीटर, अश्वत्थाम्याचं स्थान. दिवाळीच्या दिवसांत तिथली यात्रा असते. एरवी तो पूर्ण दिवसाचा, दम काढणारा डोंगर आहे आणि त्याला वाटाड्या हवाच.

खजिनदाराने हिशेब शहाद्यातच मांडावा, चहाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. उरलेले पैसे परत करू नका, पुढच्या वेळचं विसार म्हणून त्याच्याकडेच राहू द्या. आमचे अकराशे ऐंशी रुपये सध्या सुरतेत आहेत.

आणि सीताफळं. घाटात टोपल्या दिसल्या की चढताना नाही, उतरताना घ्या. मऊ झालेली घेऊ नका, घरी पोहोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो. टणक पण डोळे उघडलेली, म्हणजे खवल्यांच्या मधल्या फटी पांढरट-पिवळ्या झालेली, ती घ्या. विकणारी मावशी स्वतः निवडून देते, तिला फक्त सांगा की धुळ्याला न्यायची आहेत, का पुण्याला. त्याप्रमाणे ती कमी-जास्त टणक देते. गाडीत वर्तमानपत्रात गुंडाळून पायाशी ठेवा, डिकीत बॅगांखाली नाही. घरी तांदळाच्या डब्यात पुरलीत की सोमवारी रात्रीपर्यंत पहिली दोन खायला होतात, बाकीची बुधवारपर्यंत पुरतात.